कोआला आणि ईस्टर्न कर्ल्यू : वाचवणे अधिक अवघड कोणाला?

माझ्या मते कर्ल्यूला, म्हणजे दरवर्षी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर येणाऱ्या या स्थलांतरी पक्ष्याला. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातील कोआला २०२२ पासून ‘संकटग्रस्त’ गणला जातो, तर कर्ल्यू २०१५ पासूनच ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

कोआलाचे दुखणे बव्हंशी घरचे आहे : निलगिरीच्या रानांची तोड, वणवे, रस्त्यावरची वाहने, कुत्री आणि क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग. मादीला वर्षाला जेमतेम एक पिल्लू होते, ते सुमारे सहा महिने पिशवीत राहते आणि बाहेर येताना आईची पातळ विष्ठा खाऊन निलगिरीची विषारी पाने पचवणारे जिवाणू मिळवते. त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला वेळ लागतो. तरीही झाडे राखणे एकाच देशाच्या हाती आहे.

कर्ल्यूचे तसे नाही. सुमारे १८ सेंटीमीटर लांबीची बाकदार चोच चिखलातील बिळात मुळापर्यंत खुपसून खेकडा ओढून काढणारा हा पक्षी वीण करतो रशियाच्या अतिपूर्वेत, ऑस्ट्रेलियाच्या वाटेत पोट भरतो चीन-कोरियामधल्या पीत समुद्राच्या किनारी, आणि तेथील दलदली भराव घालून बुजवल्या जात असताना (दक्षिण कोरियाचा ३३ किलोमीटरचा सेमानगुम बांध त्यातलाच) ऑस्ट्रेलियाने आपला किनारा कितीही जपला तरी ते अपुरेच पडते.

ब्रिस्बेनजवळच्या टूंडा हार्बरमध्ये मात्र दोघेही शेजारी आहेत. तेथील गृहप्रकल्प नाकारण्याचा मानस पर्यावरणमंत्र्यांनी २०२४ मध्ये जाहीर केला, तो मुख्यतः मोरेटन उपसागराच्या पाणथळीसाठी आणि या कर्ल्यूसाठी; लोकांच्या फलकांवर मात्र, साहजिकच, कोआलाही झळकत होता.