रिअल-टाइम मॉनिटरिंगमध्ये एखाद-दुसरा डेटा सोर्स हळू असेल तर डॅशबोर्ड अडकू नये म्हणून काय करावं?

तुमचा डॅशबोर्ड दर ५ सेकंदांनी रिफ्रेश होतो, पण एक जुना डेटाबेस आणि एक लांबचं डिव्हाइस ३०-४० सेकंद घेतात आणि त्यांच्यापायी अख्खा स्क्रीन लटकतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक: टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, वाढवू नका. हा उपाय सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो. त्याने हळू सोर्स पळायला लागत नाही, बाकीच्यांना खोळंबून ठेवायची त्याला मोकळीक मिळते इतकंच.

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं मॉनिटरिंग बघतो. सर्व्हर, स्विच, यूपीएस आणि त्यांच्या जोडीला वीज मोजणारे मीटर. हे मीटर एकाच आरएस-४८५ वायरवर, मॉडबस या ठरलेल्या भाषेत बोलणारे, वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका मीटरचे १२५ रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) वाचले की २५५ बाइटचं उत्तर येतं. पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) धरून बाइटमागे ११ बिट, म्हणजे नुसतं वायरवरून यायलाच ०.३ सेकंद. त्यात एका वेळी एकानेच बोलायचं. २० मीटर असले तर फेरी ६ सेकंदांची, शिवाय मीटर उत्तर द्यायला जो वेळ लावतो तो वेगळा. तिथे ५ सेकंदांचा हट्ट धरून काय मिळणार? आणि एखादा मीटर मेलेला असेल तर प्रत्येक फेरीत त्याच्या टाइमआउटची वाट बघत बसावं लागतं. अशाला काही मिनिटं यादीतून वगळायचं, मग पुन्हा एकदा विचारून बघायचं.

म्हणून वाचणारा वेगळा आणि दाखवणारा वेगळा ठेवा. वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे कलेक्टर, आपल्या चालीने फेऱ्या मारेल, शेवटचा आकडा आणि तो कधी वाचला ती वेळ, दोन्ही साठवेल. डॅशबोर्डने फक्त त्या साठ्यातून उचलायचं.

प्रोमिथियस हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर जड क्वेरी स्क्रेपच्या वेळी, म्हणजे ते आकडे ओढून घेतं तेव्हा, चालवूच नका; डीफॉल्ट टाइमआउट १० सेकंदांचा असतो. क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) चालवा, निकाल फाइलमध्ये लिहा, प्रोमिथियसला सर्व्हरचे आकडे पुरवणाऱ्या नोड एक्स्पोर्टरचा टेक्स्टफाइल कलेक्टर तो उचलतो. लिहिताना आधी दुसऱ्या नावाने लिहून मग नाव बदला, नाहीतर अर्धवट फाइल वाचली जाते. यात एक खोच आहे. क्रॉन बंद पडला तरी फाइल जागेवरच असते आणि कालचा आकडा आजचा म्हणून दिमाखात झळकत राहतो. फाइल कधी बदलली हे मेट्रिक तोच टेक्स्टफाइल कलेक्टर देतो. अलर्ट त्यावर लावा.

आकडा शिळा झाला की तो राखाडी दिसू दे. आणि कृपा करून रिकाम्या जागी शून्य भरू नका. जून लागला, विजा कडाडायला लागल्या की लांबच्या युनिटची लिंक डळमळतेच. तेव्हा 'बंद आहे' आणि 'कळत नाही' हे दोन वेगळे रंग नसतील तर रात्री उगाच कुणालातरी गाडी काढावी लागते.

पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने विचारणं, सैल करायलाही मर्यादा आहे. स्विचचा ३२ बिटांचा बाइट काउंटर १ गिगाबिटच्या पूर्ण ट्रॅफिकवर ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मिनिटाने विचारलंत तर आकडा खोटा. ६४ बिटांचा काउंटर घ्या.

डेटाबेसचं म्हणाल तर तुमची क्वेरी टेबलातल्या ओळी मोजत असावी असा माझा कयास. पोस्टग्रेस असेल तर पीजी-क्लास (pg_class) या त्याच्या अंतर्गत टेबलात ओळींचा अंदाजे आकडा तयार असतो, मॉनिटरिंगला तेवढा पुरतो.