पर्लमध्ये इन्स्टंट मेसेजिंग क्लायंटची लायब्ररी लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?

आधी प्रोटोकॉल ठरवा. माझं ऐकाल तर एक्सएमपीपी (एक्सएमएलवर चालणारा खुला मेसेजिंग प्रोटोकॉल) घ्या. सीपॅनवर, म्हणजे पर्ल मॉड्यूलांच्या भांडारात, नेट::ऑस्कर सापडेल, पण ते ज्या एआयएमसाठी (एओएलचा मेसेंजर) लिहिलं होतं ती सेवा १५ डिसेंबर २०१७ला बंद पडली. कोड वाचायला छान आहे, त्यावर काही उभारू नका. एक्सएमपीपीचे नियम आरएफसी ६१२० आणि ६१२१ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजांत उघड आहेत, आणि प्रोसॉडी हा एक्सएमपीपी सर्व्हर स्वतःच्याच मशीनवर टाकून हवी तेवढी मोडतोड करता येते.

खरी मेख वाचण्यात आहे. मेसेज कुठे सुरू झाला नि कुठे संपला, याच्याशी टीसीपीला, म्हणजे खालच्या नेटवर्क जोडणीला, काही देणंघेणं नसतं. सॉकेटवरून बाइट वाचणाऱ्या एका सिसरीडला अर्धा मेसेज हाती लागेल, पुढच्याला अडीच. त्यातून एक्सएमपीपीचं अख्खं सेशन म्हणजे एकच लांबलचक एक्सएमएल; त्याचा सगळ्यात बाहेरचा टॅग सेशन संपेपर्यंत बंदच होत नाही. त्यामुळे अख्खं एक्सएमएल एकदम मागणारं एक्सएमएल::सिंपल इथे कामाचं नाही. एक्सएमएल::पार्सरचं पार्स_स्टार्ट वापरा, येतील तसे बाइट पार्स_मोअरला देत राहा, आणि बाहेरच्या टॅगच्या लगेच आतला टॅग बंद झाला की एक तुकडा पूर्ण झाला असं धरा. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) चालू झाल्यावर आणि लॉगिननंतर स्ट्रीम, म्हणजे तो बाहेरचा टॅग, नव्याने उघडावी लागते. दोन्ही वेळा पार्सरही नवा घ्या, जुना लगेच तक्रार करतो.

पार्सरला कच्चे बाइटच द्या. 'नमस्कार' यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा होतो आणि तो कुठेही तुटू शकतो. तुटका तुकडा एक्सपॅट (एक्सएमएल::पार्सरच्या आतलं इंजिन) सांभाळून ठेवतो, तुम्ही आधीच डीकोड करायला गेलात तर अक्षरांचा चुथडा. पाठवताना उलट: आधी एन्कोड करा, नाहीतर बाइट पाठवणारं सिसराइट 'वाइड कॅरॅक्टर' म्हणून प्रोग्रॅमच पाडतं. नुसत्या इंग्रजी मजकुरावर टेस्ट केली तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून मराठीत टेस्ट करा.

आणि कृपा करून लायब्ररीत स्वतःचा व्हाइल लूप घालू नका. वापरणाऱ्याकडे सॉकेटांवर लक्ष ठेवायला आयओ::सिलेक्ट असेल किंवा एनीइव्हेंट, त्याच्या लूपवर तुम्ही हक्क का सांगावा? गाभ्याला सॉकेट माहीतच नसावं: बाइट आत, घटना बाहेर, पाठवायचे बाइट वेगळे. मग टेस्टही सोपी होते. साठवलेलं सेशन एकेक बाइट करून भरवा आणि घटना त्याच येतात का पाहा. सॉकेटच्या थरात आयओ::सॉकेट::एसएसएल असेल तर सिलेक्टआधी पेंडिंग तपासा, कारण उलगडलेला डेटा आतच पडून असतो आणि सिलेक्टला त्याचा पत्ता नसतो.

आयक्यूच्या, म्हणजे एक्सएमपीपीतल्या विनंती-उत्तराच्या तुकड्यांच्या, उत्तरांसाठी आयडी आणि कॉलबॅकचा एक हॅश पुरतो. उत्तर कोणाकडून आलं तेही जुळवून बघा. लॉगिन होऊनही मेसेज येत नसतील तर बहुतेक वेळा सुरुवातीचा प्रेझेन्स ('मी ऑनलाइन आहे' हा निरोप) पाठवायचा राहिलेला असतो.