बहिणीला काय पटवायचं ते नंतर, आधी तुझे पुरावे बघू

पत्राचा मजकूर थोडक्यात: वय ४१, जबाबदारीची नोकरी. रोज रात्री घरातले झोपले की दोन ग्लास वाइन, हल्ली अधूनमधून वोडका. धाकट्या बहिणीला कपाटात कपड्यांमागे रिकाम्या बाटल्या सापडल्या, ती बोलली, कडाक्याचं भांडण झालं, तेव्हापासून अबोला. प्रश्न असा: "मला दारूचा प्रॉब्लेम नाहीये हे तिला कसं पटवून देऊ?"

अगं, पत्र लांबलचक लिहिलंयस आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त म्हणजे नुसती वकिली आहे. कामावर कधी दांडी नाही, सकाळी कधी घेत नाही, मुलांसमोर नाही, चढत तर नाहीच, मध्ये महिनाभर बंद केली होती, लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल. एवढे सगळे पुरावे तू तयार ठेवलेस आणि मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. ज्यांचं पिणं त्यांच्या डोक्यात घोळत नसतं ना, त्यांना कुणी टोकलं तर ते "हो का, असेल बुवा" म्हणतात आणि विषय सोडून देतात, फाइल तयार ठेवत नाहीत.

त्यामुळे बहिणीला कसं पटवायचं ते मी सांगणार नाही, कारण मलाच ते पटलेलं नाही. पण मेहनत घेतलीयस तर तुझे मुद्दे बघू.

चढत नाही, हे तू जरा कौतुकानेच लिहिलंयस. रोज दारू मिळाली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो, मग तोच परिणाम व्हायला जास्त लागते, याला टॉलरन्स म्हणतात आणि डॉक्टर दारूच्या आजाराची जी लक्षणं तपासतात त्यात हे एक आहे. म्हणजे तुझा सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा तुझ्याच विरुद्ध जातो. आणि डोक्याला चढली नाही म्हणून लिव्हरला किंवा ब्लडप्रेशरला कळत नाही असं थोडंच आहे. त्यात "नवऱ्याइतकीच तर घेते" हे बायकांना लागूच पडत नाही, आपल्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढाच पेग घेतला तरी रक्तातलं प्रमाण जास्त होतं आणि लिव्हर पुरुषांपेक्षा कमी वर्षांत बिघडू शकतं.

आणि दोन ग्लास म्हणजे केवढे ग्लास? जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक, वाइनमध्ये हे साधारण १०० मिली झालं आणि वोडकात ३० मिली. ७५० मिलीच्या वाइनच्या बाटलीत असे सातेक ड्रिंक्स बसतात. एकदा तुझा नेहमीचा ग्लास नेहमीइतकाच भर, पाण्याने भर, आणि मापात ओतून बघ.

लिव्हरच्या रिपोर्टचं एवढंच सांगते की भरपूर पिणाऱ्यांचेही रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल येऊ शकतात, ते काही सर्टिफिकेट नाही.

महिनाभर बंद ठेवलीस हे खरंच सोपं नव्हतं, मान्य. पण तूच लिहिलंयस की त्या महिन्यात रोज दिवस मोजत होतीस आणि महिना संपला त्या रात्री बक्षीस म्हणून बाटली उघडली, आणि आठवड्याभरात पुन्हा जिथल्या तिथे. ठरावीक तारखेपर्यंत दात आवळून थांबणं खूप जणांना जमतं. तू हे बघ की एकच घेईन म्हणून बसल्यावर एकावर उठता येतं का, आणि ऑफिसात वाईट दिवस गेला त्या रात्री न घेता झोपता येतं का.

झोपेवरून आठवलं. "झोप येत नाही म्हणून घेते" असं म्हणतेस आणि दोन पॅरा खाली "पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते, नको नको ते विचार येतात" असंही लिहितेस, आणि या दोन गोष्टी तू अजून जोडल्याच नाहीस याचं मला आश्चर्य वाटलं. दारूने डोळा लवकर लागतो, पण तिचा अंमल उतरायला लागला की तिने दाबून ठेवलेला मेंदू उलट जास्तच जागा होतो, म्हणून रात्रीचा दुसरा भाग तुटक जातो, धडधड, घाम, भीती. मग दिवसभर थकवा, चिडचिड, आणि रात्री त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेच. तुझ्या टेन्शनला नोकरी जबाबदार असेलही, पण त्यातलं बरंचसं तू रात्री स्वतःच ओतून घेत असशील.

आता लपवण्याबद्दल. बहीण कटकट करते म्हणून लपवावं लागतं म्हणतेस, पण तिला बाटल्या सापडल्या तेव्हाच त्या कपड्यांमागे होत्या ना? तोवर कुणी काहीच बोललं नव्हतं. मग कुणापासून लपवत होतीस?

१९८४ मध्ये जॉन युइंग या डॉक्टरांनी चार साधे प्रश्न प्रसिद्ध केले, अजूनही डॉक्टर ते विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलंय का, कुणी टोकल्यावर राग आलाय का, पिण्याबद्दल गिल्टी वाटलंय का, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागलीय का. चौथ्याचं उत्तर तू "नाही" दिलंयस आणि त्यालाच धरून बसलीयस. पहिल्या तिघांना तुझ्याच पत्रात "हो" आहे. दोन "हो" आले तरी डॉक्टर नीट चौकशी करतात. याचा अर्थ तू बरबाद झालीस असा नाही, आणि निदान मी इथे बसून करतही नाही. पण एकतर रस्त्यात पडलेला दारुडा नाहीतर एकदम ठीक, असे दोनच प्रकार असतात हे डोक्यातून काढ, वैद्यकात सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या मानतात, आणि खालच्या पायरीवर असताना डॉक्टरकडे गेलीस तर सोपं जातं.

एक गोष्ट मात्र करू नकोस. हे वाचून जिद्दीने आज रात्रीपासून एकदम बंद, असं नको. रोज आणि जास्त घेणाऱ्यांनी अचानक सोडली तर हातपाय कापणं, घाम, आणि पहिल्या दोन दिवसांत फिट्ससुद्धा येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. गरज असेल तर ते औषधांच्या आधाराने सोडवतात, नंतर ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत, खूप जणांना माहीतच नसतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंग्ज असतात, १९३५ पासून चालू आहेत, तिथे आडनाव विचारत नाहीत. आवडलं नाही तर पुन्हा जाऊ नकोस, पण न बघताच "ते माझ्यासारख्यांसाठी नाही" म्हणू नकोस.

आणि बहिणीला फोन कर, पटवायला नको. सांग की तुला दिसल्या त्याहून बाटल्या जास्त आहेत, आणि डॉक्टरकडे सोबत येशील का. ती चिडेल, बोलेल, ऐकून घे. आणि डॉक्टरांसमोर तू आकडा कमी सांगायला लागलीस तर तिने तिथेच टोकायचं, हे दोघींनी निघण्याआधीच ठरवून ठेवा.