श्रीनगर ते कन्याकुमारी सायकलनं निघतोयस? आधी हे वाच

भावा, लई भारी ठरवलंयस, पण नवी सायकल घेऊन डायरेक्ट श्रीनगर गाठू नको. ४४ नंबरचा हायवे साडेतीन हजार किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळं आधी सगळं सामान लावून पन्हाळ्याचा चढ मार, मग एका शनिवारी गगनबावडा करून ये आणि मुख्य म्हणजे रविवारी सकाळी परत सीटवर बसवतंय का ते बघ, कारण दम येतोय हळूहळू पण रोज सलग चालवायची सवय मुद्दाम लावावी लागते. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला पाहिजे, तेवढी सीट वर घे.

पंक्चर घरीच काढायला शिक. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या तारा पडलेल्या असतात, केसासारख्या बारीक, दिसत पण नाहीत. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं बोट हळू फिरव, तार लागली की चिमट्यानं ओढून काढ, नाहीतर तीपण ट्यूब गेलीच म्हणून समज.

पाठीवर सॅक नको, सामान कॅरियरला. ऑक्टोबरात निघालास तर वर थंडी कमी लागेल, पण तमिळनाडूत तेव्हापासून डिसेंबरपर्यंत पाऊस असतोय, रेनकोट घरी ठेवू नको.