18 झाल्यावर इन्सुलिनचा खर्च कोण करणार, विचारलंस म्हणून

भाऊ,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही. पप्पांचा कापूस घरातच पडलाय, भाव नाही, म्हणून तू दोन आठवड्यांपासून रात्रीचं इन्सुलिन निम्मं घेतोयस अन् घरात कोणाला पत्ताच नाही. आजपासून डॉक्टरांनी लिहिलाय तो पूर्ण डोस घे. सकाळी शुगर अन् लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात तयार होणारी आम्लं) तपास, आणि उलट्या, पोटात दुखणं, दम लागणं यातलं काहीही असेल तर हे पत्र ठेव बाजूला आणि सरळ दवाखान्यात जा.

मी 19 व्या वर्षी हेच केलं होतं रे. जळगावला रूमवर राहायचो, घरी पैसे मागायची लाज वाटायची, इन्सुलिनची एक वायल, म्हणजे छोटी बाटली, पुरवून पुरवून वापरायचो. ऐन आखाजीत गावाला गेलो तर उलट्या सुरू, सगळे म्हणे ऊन लागलं, आईने गुळाचं पन्हं पाजलं, तिला बिचारीला काय माहीत. कीटोॲसिडोसिस निघाला, म्हणजे तीच आम्लं रक्तात साचली, चार दिवस आयसीयू. बिलासाठी वडिलांनी दुभती म्हैस विकली. तेवढ्या पैशात माझं कितीतरी वर्षांचं इन्सुलिन आलं असतं, हे आजही टोचतं.

आता हिशोब बघ. तुला दिवसाला 40 युनिट लागतात, म्हणजे महिन्याला 1200. साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या 10 मिलीच्या वायलमध्ये 400 युनिट असतात, म्हणजे तीन वायल. त्यावर सरकारचं किंमत नियंत्रण आहे, एक वायल साधारण 150 ते 175 ला पडते. महिन्याला पाचशेच्या आसपास झाले. खरा खर्च पेनच्या इन्सुलिनचा आणि शुगर तपासायच्या स्ट्रिपचा असतो. तेव्हा डॉक्टरांना तोंड उघडून विचार की सर, परवडत नाही, वायलवर आणता येईल का? पण स्वतःच्या मनाने बदलू नको, साधं रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं आणि डोसही नव्याने बसवावा लागतो. आणि या वायलमध्ये एका मिलीत 40 युनिट असतात, तिला लाल टोपीचीच सिरिंज, केशरी टोपीची मिलीला 100 युनिटवाली असते, ती चुकून वापरली तर डोस अडीच पट चुकतो.

लहान मुलांच्या डॉक्टरांकडून आजवर फुकट मिळायचं ते 18 नंतर बंद होईल म्हणतात ना, मग बंद व्हायच्या आधीच त्यांच्याकडून जुन्या फाईलची कॉपी अन् मोठ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून घे. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात एनसीडी क्लिनिक (शुगर-बीपीसारख्या आजारांची ओपीडी) कुठल्या वारी असतं ते विचार, आणि घरातली वायल संपायच्या दहा दिवस आधी जा, कारण कधी कधी स्टॉक नसतो. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वेगळ्या खात्याचं आहे, तिथे हा नियम धरू नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड ॲडमिट झाल्यावर कामाला येतं, रोजच्या इन्सुलिनला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नको.

आणि एमआयडीसीत कामाला लागायचं म्हणतोस, तर पगार किती हे विचारतोस तसंच ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापता का हेही विचार. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर आपला वाटा फक्त 0.75 टक्के, 12 हजारावर 90 रुपये, मालक 3.25 टक्के भरतो. त्यात ओपीडीची औषधंही येतात, इन्सुलिनसुद्धा. मला हे कोणी सांगितलंच नाही, पहिल्या नोकरीत मालकाने कापलंही नाही अन् मी विचारलंही नाही, तीन वर्षं खिशातून घातले.

आपल्याकडे मे महिन्यात 45 च्या वर जातं, त्यात लाइट जाते. बंद वायल फ्रिजमध्ये, बर्फाच्या खणात कधीच नाही. रूमवर फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेव, मधे ओली वाळू, सावलीत. उघडलेली वायल 28 दिवसांत संपव. उन्हात खराब झालेलं इन्सुलिन म्हणजे पैसेही गेले अन् शुगरही वाढली.

पप्पांना मी सांगू का? तू म्हणशील तरच. शनिवारी मी पारोळ्याला येतोय, फाईल, मीटर आणि मेडिकलची बिलं घेऊन ये, बसून सगळं मांडू.

आज रात्रीचं इंजेक्शन घेतलंस की मला मेसेज टाक, मी जागा आहे.