मुलाखतीत इन्स्टाग्राम दाखवायला सांगितलं तर?

खाजगी खातं उघडून दाखवायला सांगितलं, तर नकार देता येतो का? पहिल्या नोकरीच्या शोधातली मुलं हे हमखास विचारतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या एकीची हकिगत देत आहोत.

वय तेवीस, बी.कॉम. झालेली. अकाउंट्सच्या जागेसाठी दुसऱ्या फेरीत साहेबांनी हात पुढे केला, “मॅडम, फोन द्या, जरा इन्स्टा बघू.” चार्जिंग संपल्याचं सांगून तिने वेळ मारून नेली. आठवड्याने पुन्हा बोलावणं होतं आणि त्याआधी सगळी खाती उडवायची, असं तिने ठरवलं होतं. सत्रात फोन मांडीवर पालथा, दोन्ही हातांनी दाबून धरलेला.

आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं. एका मित्राबरोबरचे फोटो होते, घरी माहीत नसलेले. मुलाखत मामांच्या ओळखीतून आलेली. साहेबांनी पाहिलेलं मामांपर्यंत जाईल, ही खरी धास्ती. नोकरीची भीती आणि घरची भीती एकमेकींत गुंतली की मुलं घाईने सगळं पुसायला निघतात. म्हणून आधी या दोन्ही वेगळ्या केल्या.

मग लॉगिन न करता, ब्राउझरच्या इनकॉग्निटोमध्ये (म्हणजे अनोळखी माणसाला दिसेल तसं) तिने स्वतःचं खातं शोधलं. लॉक समजत होती ते खातं उघडंच! दोन वर्षांपूर्वी मेंदीच्या ऑर्डरींसाठी ते ‘प्रोफेशनल’ केलं होतं, आणि असं खातं प्रायव्हेट राहत नाही. आधी ‘पर्सनल’वर आणायचं, मग प्रायव्हेट करायचं. त्यानंतरही जुने फॉलोअर तसेच राहतात. अनोळखी एकेक करून काढावे लागतात, त्यांना सूचना जात नाही. प्रोफाइल फोटो आणि बायो सगळ्यांनाच दिसतात. फेसबुकवर ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ने जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम मित्रांपुरत्या होतात. मैत्रिणीने टाकलेला फोटो मात्र टॅग काढला तरी तिच्या भिंतीवर राहतो. तो काढायला तिलाच सांगावं लागतं.

उघड्यावर आहे ते कंपनी बघणारच. कुलपाआडचं दाखवणं वेगळं आणि पासवर्ड तर कोणालाच द्यायचा नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 2012 साली मालकांना असा पासवर्ड मागायला कायद्याने बंदी केली. आपल्याकडे नेमका असा कायदा नाही. खाजगीपणा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं, पण मुलाखतीच्या टेबलावर निकालाचा दाखला देऊन वाद घालण्यापेक्षा एक शांत वाक्य जास्त कामाला येतं. (अमेरिकेच्या व्हिसाची गोष्ट निराळी : त्या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं द्यावी लागतात. तिथे लपवू नये.)

वाक्य असं बसवलं : “सर, ते खातं घरच्या-मित्रांपुरतं आहे, ते मी दाखवत नाही. कामाची चौकशी करायची असेल तर लिंक्डइन आहे, आणि मी जिथे शिकाऊ होते तिथल्या सरांचा नंबर देते.” सरावात पहिल्या खेपेला तिने तीनदा सॉरी म्हटलं आणि शेवट पुटपुटला. चौथ्या खेपेला सॉरी गळून गेलं. “माझं खातंच नाही” असं मात्र सांगायचं नाही. खोटं दोन मिनिटांत उघडं पडतं, आणि मग फोटोंपेक्षा तेच लक्षात राहतं. नकारामुळे नोकरी जाऊही शकते, हेही तिला स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या भेटीत साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने वाक्य म्हटलं, त्यांनी नंबर लिहून घेतला. निकाल यायचा होता, पण त्याआधीच तिने मित्राबद्दल मोठ्या बहिणीला सांगितलं. पुढची दोन सत्रं आई-बाबांशी कसं बोलायचं, यावर झाली.