दूध लागलेले पातेले

प्रश्न : नोकरीनिमित्त मी प्रथमच एकटी राहते. दूध तापत ठेवून विसरले आणि ते पातेल्याच्या बुडाला लागले. इंटरनेटवरील एका व्हिडिओप्रमाणे खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतले; फेस पुष्कळ आला, खरवड मात्र तशीच राहिली. आता त्यात ब्लीच घालावे का?

उत्तर : ब्लीच मुळीच घालू नका. पातेल्यात व्हिनेगर शिल्लक असेल, तर ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइटशी त्याचा संयोग होऊन क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा स्वयंपाकघरात तो डोळे, घसा व फुप्फुसांना इजा करतो. न्हाणीघर धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले, तर धोका याहून मोठा असतो. चुकून तसे झालेच, तर खिडक्या उघडून तडक बाहेर पडा.

तुम्ही पाहिलेला फेस हा केवळ कार्बन डायऑक्साइड होता. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी, त्यामुळे दोघांनी एकमेकांचा जोर मोडला आणि बहुतांशी पाणीच उरले. असे व्हिडिओ पाहून फसणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, तेव्हा खंत करू नका.

पातेले आधी स्वच्छ पाण्याने विसळा. ते स्टीलचे असेल, तर खरवड बुडेल इतक्या पाण्यात दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटे उकळा, रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी लाकडी उलथन्याने खरवडा. काळा पापुद्रा कडेपासून सुटू लागतो. ॲल्युमिनियम मात्र सोड्याने काळवंडते, म्हणून तेथे चिंचेचे पाणी उकळावे.